संशोधनाचा आराखडा आणि प्रबंधलेखन : काही मूलभूत तत्त्वे

पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याला भेटणारा प्रत्येक जण ‘विषय कोणता घेतला?’ असे विचारतो. ‘प्रश्न कोणता घेतला?’ असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः संशोधनाचे यशापयश बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. अनेक प्रबंध लेखनाच्या टप्प्यावर अडलेले दिसतात; पण त्यांचे मूळ दुखणे लेखनात नसून आराखड्यात असते. माहिती जमा करून झाल्यावर तिचे काय करावयाचे हे कळेनासे होते, कारण ती कशासाठी जमा करावयाची हे आधी ठरलेलेच नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली. लघुप्रबंधाच्या निमित्ताने होणारा पूर्वीचा सराव त्यामुळे अनेकांना मिळत नाही. पीएच.डी.साठी किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची मुदत आहे. पुनर्नोंदणी केल्यास तीत दोन वर्षांची भर पडू शकते. ऐन उमेदीची ही वर्षे सत्कारणी लागावयाची असतील, तर नियोजनाची आणि लेखनाची मूलतत्त्वे प्रारंभीच समजून घेणे अगत्याचे आहे. पुढील विवेचनात सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेतले आहे : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीचे.

विषयाकडून प्रश्नाकडे

‘ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण : एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक भारदस्त आहे, परंतु त्यात प्रश्न नाही. कोणते कामगार, कोणत्या वयाची मुले, शिक्षणाची कोणती बाजू, कोणता काळ, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. अशा शीर्षकाखाली कोणतीही माहिती बसू शकते आणि म्हणूनच कोणतीही माहिती पुरेशी ठरत नाही.

याच विषयातून एक प्रश्न असा काढता येईल : गळीत हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्यावर जाणारी मुले आणि आजीआजोबांकडे गावातच राहणारी मुले यांच्यात, हंगाम संपून सर्व जण गावी परतल्यानंतर, शाळेतील उपस्थिती व वाचनक्षमता यांबाबत काय फरक दिसतो? आता तुलना कोणाची, कशाबाबत आणि केव्हा करावयाची हे स्पष्ट झाले. वयोगट ‘इयत्ता पाचवी ते आठवी’ आणि क्षेत्र ‘धारूर तालुका’ असे ठरविले की अभ्यास एका व्यक्तीच्या आवाक्यात येतो.

मर्यादा आखणे म्हणजे अभ्यासाची उंची कमी करणे, असा एक गैरसमज आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला प्रबंध या संदर्भात पाहण्यासारखा आहे. ‘ब्रिटिशांची भारतातील अर्थनीती’ असा अफाट विषय त्यांनी घेतला नाही. ब्रिटिश भारतातील मध्यवर्ती आणि प्रांतिक सरकारे यांच्यातील आर्थिक संबंध कसकसे बदलत गेले, एवढाच प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि काळाची चौकट १८३३ ते १९२१ अशी ठरविली. या चौकटीलाही कारण होते. १८३३ च्या सनदी कायद्याने सत्ता मध्यवर्ती सरकारच्या हाती एकवटली आणि १९२१ साली माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा अमलात आल्या. संशोधनातील काळाच्या व क्षेत्राच्या सीमा अशा सकारण असाव्या लागतात. ‘सोयीचे म्हणून’ हे कारण एकटे पुरत नाही.

प्रश्न पक्का झाला की नाही हे पाहण्यासाठी त्याला चार कसोट्या लावाव्यात. त्याचे उत्तर पुराव्याने देता येईल का? ते अपेक्षेहून वेगळे निघू शकेल का? उपलब्ध वेळ, पैसा व प्रवेश यांत ते शोधता येईल का? आणि ते मिळाल्याने कोणाच्या तरी ज्ञानात वा निर्णयात फरक पडेल का? यांपैकी एकाही कसोटीचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर प्रश्न पुन्हा घडवावा. या टप्प्यावर खर्ची पडलेले दोन महिने पुढील दोन वर्षे वाचवितात.

पूर्वसंशोधनाचा आढावा

आपल्या प्रश्नाच्या आसपास आजवर काय काम झाले आहे, हे पाहणे ही दुसरी पायरी होय. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध मोठ्या संख्येने पाहावयास मिळतात. त्यांच्या संदर्भसूचीवरून पुढील वाचनाची वाट सापडते. जनगणनेचे अहवाल, जिल्हा गॅझेटिअर, शासकीय समित्यांचे अहवाल हीदेखील महत्त्वाची साधने आहेत. मात्र साधनाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. बीडची माहिती एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. कारण हा जिल्हा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

वाचताना प्रत्येक लेखनाला काही ठरावीक प्रश्न विचारावेत : लेखकाने काय विचारले, कोणत्या पुराव्यावर उत्तर दिले, निष्कर्ष काय निघाला आणि काय सुटले? उत्तरे टिपून ठेवताना ग्रंथाचे नाव, आवृत्ती, वर्ष व पृष्ठक्रमांक त्याच वेळी नोंदवावा. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरविले असतील तर त्यांना अवतरणचिन्हे तेव्हाच द्यावीत. ही शिस्त न पाळल्यास तीन वर्षांनी स्वतःच्याच वहीतील वाक्य आपले की दुसऱ्याचे, हे सांगता येत नाही. जाणूनबुजून न केलेले पुष्कळसे वाङ्मयचौर्य या एका निष्काळजीपणातून जन्माला येते.

आढाव्याचे प्रकरण म्हणजे ग्रंथांची यादी नव्हे. ‘अमुक यांच्या मते’, ‘तमुक यांच्या मते’ अशा परिच्छेदांची माळ ओवण्याऐवजी अभ्यासकांचे एकमत कोठे आहे, मतभेद कोठे आहेत आणि कोणती जागा रिकामी आहे, हे दाखवावे. आपला प्रश्न त्या रिकाम्या जागेतून उगवलेला दिसला पाहिजे.

परिकल्पना आणि संज्ञा

प्रश्नाचे तात्पुरते, तपासून पाहता येईल असे उत्तर म्हणजे परिकल्पना. काही विद्यापीठांत तिला गृहीतकृत्य असेही म्हणतात. प्रत्येक संशोधनात ती असलीच पाहिजे असे नाही. वर्णनात्मक वा साहित्यविषयक अभ्यासात सुस्पष्ट प्रश्न पुरतो. पण जेथे ती मांडावयाची, तेथे ती खोटी ठरू शकेल अशीच मांडावी. ‘शिक्षणाचा विकासावर परिणाम होतो’ हे विधान कधीच खोटे ठरणार नाही आणि म्हणून ते तपासण्यातही अर्थ नाही.

गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात दीर्घकाळ वास्तव्य केलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे प्राचीन आहत नाण्यांवरील काम हा या दृष्टीने उत्तम नमुना आहे. चांदीचे नाणे हातोहाती फिरताना झिजते. तेव्हा एकाच प्रकारच्या नाण्यांच्या सरासरी वजनावरून ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येईल, ही त्यांची कल्पना होती. ती प्राचीन नाण्यांना लावण्यापूर्वी त्यांनी टांकसाळीचे साल ठाऊक असलेली, आपल्या काळातील चलनी नाणी वजन करून पाहिली. उत्तर आधीच माहीत असलेल्या ठिकाणी पद्धत पारखून घ्यावी आणि मगच ती अज्ञाताला लावावी, हा धडा इतिहासाच्याच नव्हे तर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने घ्यावा असा आहे.

संज्ञांची व्याख्या ही परिकल्पनेइतकीच महत्त्वाची बाब होय. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून मिळणारी उचलही त्या हिशेबाने ठरते. ‘टोळीत वीस कोयते आहेत’ या नोंदीचा अर्थ वीस माणसे असा लावणारा अभ्यास पहिल्याच कोष्टकात चुकतो. ‘उपस्थिती’ या शब्दाचेही तसेच. हजेरीपटावरील नोंद म्हणजे उपस्थिती, की प्रत्यक्ष वर्गात मोजलेली मुले? दोन्ही पाहावयाच्या असतील, तर त्या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून नोंदवाव्या लागतील. प्रबंधातील प्रत्येक कळीच्या शब्दाचा ‘या अभ्यासापुरता’ अर्थ प्रारंभीच लिहून ठेवावा.

पद्धतीची निवड

‘मी प्रश्नावली पद्धत वापरणार आहे’ असे आधी ठरवून मग प्रश्न शोधणे म्हणजे औषध घेऊन रोग शोधण्यासारखे आहे. ‘किती’ आणि ‘कितपत’ या प्रश्नांसाठी मोजणी व सर्वेक्षण उपयोगी पडते. ‘कसे’ आणि ‘का’ यांसाठी मुलाखती, निरीक्षण, प्रत्यक्ष सहवास अधिक कामाचे. इतिहासाच्या अभ्यासात हीच निवड साधनांच्या पारखीतून करावी लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे छापली आणि घटनेनंतर लिहिलेल्या बखरींवर विसंबण्यातील धोका दाखवून दिला. त्या वेळी लिहिलेला कागद आणि नंतर सांगितलेली हकीकत यांतला भेद आजच्या मुलाखतींनाही लागू आहे. दहा वर्षांपूर्वीची मजुरी आठवून सांगणाऱ्या माणसाचे उत्तर आणि त्या वर्षीची वहीतील नोंद यांना सारखे वजन देता येत नाही.

सर्वेक्षणात कोणाला विचारावयाचे, याइतकेच केव्हा विचारावयाचे हेही निर्णायक असते. सदर विद्यार्थिनी डिसेंबर महिन्यात गावोगाव फिरली, तर तिला भेटणारी कुटुंबे ही स्थलांतर न केलेलीच असतील. गेलेल्यांच्या घराला कुलूप असेल. तिची शंभर प्रश्नावल्यांची चळत भरेल, पण ज्यांच्याविषयी प्रश्न आहे तेच तीत नसतील. ही चूक नंतर कोणत्याही संख्याशास्त्रीय कसरतीने दुरुस्त होत नाही. याउलट जूनमध्ये शाळा उघडल्यावर सर्व कुटुंबांची यादी केली आणि त्या यादीतून नमुना निवडला, तर कोण गेले आणि कोण राहिले हे पुढे निश्चितपणे सांगता येते.

प्रत्यक्ष कामापूर्वी लहान प्रमाणावर चाचणी घ्यावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले, तेव्हा ना. बा. उटगीकर यांनी तयार केलेली विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती १९२३ साली छापून विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठविण्यात आली. १९२५ साली डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी सूत्रे हाती घेतली, संपादनाची तत्त्वे नव्याने आखली आणि १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ती सविस्तर मांडली. १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे चाललेले हे काम सुकथनकरांच्या निधनानंतरही त्याच तत्त्वांच्या पायावर पुढे जात राहिले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. संपादक बदलले तरी काम भरकटले नाही, याचे श्रेय लिखित पद्धतीकडे जाते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दहा-बारा प्रश्नावल्यांची चाचणी पुरते. पण कोणता प्रश्न लोकांना कळत नाही, कोणत्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात आणि कोणता प्रश्न दुखावतो, हे तीतून समजते.

माणसांविषयीच्या संशोधनात नीतीचा विचार पद्धतीतच अंतर्भूत असतो. माहिती देणाऱ्याला अभ्यासाचा हेतू सांगून त्याची संमती घ्यावी. मुलांच्या बाबतीत पालकांचीही घ्यावी. नावे गुप्त ठेवावीत. मुकादमाच्या समोर उचलीविषयी विचारल्यास मिळणारे उत्तर विश्वासार्ह तर नसतेच, शिवाय त्या कुटुंबाला अडचणीत आणणारेही ठरू शकते.

आराखडा आणि वेळापत्रक

वरील विचार झाला की संशोधन आराखडा, म्हणजेच सिनॉप्सिस, लिहिणे अवघड राहत नाही. त्यात सामान्यतः पुढील घटक असतात :

१. शीर्षक आणि प्रश्नाची पार्श्वभूमी
२. पूर्वसंशोधनाचा संक्षिप्त आढावा व त्यातील उणीव
३. उद्दिष्टे आणि परिकल्पना
४. संज्ञांच्या व्याख्या, व्याप्ती व मर्यादा
५. माहितीची साधने, नमुनानिवड व विश्लेषणाची पद्धत
६. नियोजित प्रकरणे
७. वेळापत्रक आणि संदर्भसूची

उद्दिष्टे तीन ते पाच असावीत आणि प्रत्येक उद्दिष्टासमोर ‘हे कोणत्या माहितीने साध्य होईल’ याचे उत्तर लिहिता आले पाहिजे. ज्या उद्दिष्टासमोर रकाना रिकामा राहतो, ते काढून टाकावे. त्याचप्रमाणे प्रश्नावलीतील जो प्रश्न कोणत्याच उद्दिष्टाला उपयोगी पडत नाही, तोही गाळावा.

वेळापत्रक हा आराखड्यातील सर्वाधिक दुर्लक्षित भाग. प्रस्तुत उदाहरणात ते ऋतुचक्राशी बांधलेले आहे : जूनमध्ये कुटुंबांची यादी, दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्यापूर्वी पहिली नोंद, हिवाळ्यात कारखान्याच्या परिसरातील कोप्यांना भेट, आणि मार्च-एप्रिलनंतर मुले गावी परतल्यावर दुसरी नोंद. विद्यापीठाची मान्यता डिसेंबरमध्ये मिळाली आणि हे गणित आधी मांडलेले नसले, तर एक हंगाम, म्हणजे एक संपूर्ण वर्ष हातचे जाते. प्रत्येक संशोधनाला असे काही ना काही अढळ बंधन असते. दप्तरखान्याची परवानगी, परीक्षांचा काळ, पीक काढणी हे विद्यार्थ्याच्या सोयीने हलत नाहीत. वेळापत्रक त्यांच्याभोवती आखावे.

लेखन : पहिल्या दिवसापासून

‘आधी संशोधन, मग लेखन’ ही विभागणी फसवी आहे. लिहिल्यावाचून विचारातील भेगा दिसत नाहीत. म्हणून आढाव्याचे व पद्धतीचे प्रकरण क्षेत्रकार्य चालू असतानाच लिहावे. ते ताजे असते. त्यानंतर विश्लेषण, मग निष्कर्ष आणि सर्वांत शेवटी प्रास्ताविक लिहिणे सोयीचे पडते. कारण प्रबंधात काय आहे हे तोवर लेखकाला स्वतःला कळलेले असते.

परिच्छेद हा लेखनाचा घटक मानावा. एका परिच्छेदात एक विधान, त्याचा पुरावा आणि पुराव्याचा अर्थ एवढे यावे. कोष्टकातील आकडे पुन्हा शब्दांत उतरविणे म्हणजे विश्लेषण नव्हे. त्या आकड्यांतून प्रश्नाविषयी काय कळले, हे सांगावयाचे असते. लहान संख्यांवर टक्केवारी लादू नये. ‘१२ पैकी ९ मुले’ हे ‘७५ टक्के मुले’ यापेक्षा प्रामाणिक विधान आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. गावात राहणारी मुले अधिक चांगली वाचत असतील, तर ते गावात राहिल्यामुळे, की ज्या घरात सांभाळणारी आजी आहे त्या घराची स्थितीच बरी असल्यामुळे, हा संशय लेखकाने स्वतः उपस्थित केला पाहिजे.

प्रतिकूल पुरावा लपवू नये. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी मूळ संहितेबाहेर ठेवलेले श्लोक फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते छापले, जेणेकरून वाचकाला संपादकांचा निर्णय पडताळून पाहता यावा. प्रबंधाचेही तसेच असावे. परिकल्पना सिद्ध झाली नाही, तर संशोधन फसले असे होत नाही. ते तसे स्पष्ट लिहिले नाही, तर मात्र होते. शिफारशींचे प्रकरणही निष्कर्षांच्या पुढे धावू नये. एका तालुक्याच्या अभ्यासावरून संपूर्ण राज्याच्या धोरणाची मागणी करणे हे अभ्यासाच्या विश्वासार्हतेला बाधक ठरते.

मराठीतून लिहिणाऱ्यांपुढे परिभाषेची अडचण येते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश तेथे साहाय्यक ठरतात. एकदा स्वीकारलेली संज्ञा शेवटपर्यंत तीच ठेवावी. बोजड भाषेने विद्वत्ता सिद्ध होत नाही. विधान तपासता येणे मात्र कठीण होते.

संदर्भ आणि सचोटी

संदर्भ देण्याच्या अनेक पद्धती आहेत. विद्यापीठाने जी मान्य केली असेल ती एकच पद्धत आरंभापासून अखेरपर्यंत पाळावी. संदर्भाचा हेतू वाचन दाखविणे हा नसून, वाचकाला मूळ पुराव्यापर्यंत पोहोचविणे हा आहे. न पाहिलेल्या ग्रंथाचा दाखला दुसऱ्याच्या तळटीपेवरून घेतला असेल, तर तसे नमूद करावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी विनियम जारी केले. त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. साम्य दहा टक्क्यांहून अधिक ते चाळीस टक्क्यांपर्यंत असल्यास सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत सादर करावा लागतो; चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष मनाई होते आणि साठ टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची यांचा या मोजणीत समावेश नसतो. तथापि दहा टक्के ही चोरीची मुभा नव्हे. इंग्लिश ग्रंथातील युक्तिवाद मराठीत उतरवून स्वतःच्या नावे मांडल्यास तो संगणकीय तपासणीतून कदाचित निसटेल. परीक्षकाच्या नजरेतून निसटेलच असे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांनी या धोक्यात भर घातली आहे. ही साधने अस्तित्वातच नसलेले लेख आणि ग्रंथ संदर्भ म्हणून खात्रीपूर्वक देतात. स्वतः न उघडलेला एकही संदर्भ सूचीत असू नये, हा जुनाच नियम येथे उपयोगी पडतो.

प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत नाही. आपल्या विद्यापीठाचा स्वतंत्र नियम काय आहे, हे मात्र प्रत्येकाने पाहून घ्यावे. पैसे भरून दोन-चार दिवसांत लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहणे श्रेयस्कर. तेथे छापलेला कच्चा लेख पुढे लेखकाचा पिच्छा सोडत नाही.

परीक्षकांचे आक्षेप

प्रबंध सादर झाल्यावर बाह्य परीक्षकांचे अहवाल येतात आणि मौखिक परीक्षा होते. दुरुस्त्या सुचविल्या गेल्या म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी. पदवीसाठी डॉ. आंबेडकरांनी सादर केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाचीही परीक्षकांच्या आक्षेपांमुळे फेरमांडणी करावी लागली होती. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष कायम ठेवले आणि १९२३ साली पदवी मिळविली. मांडणीवरील आक्षेप कोणता आणि पुराव्यावरील आक्षेप कोणता, हे ओळखता आले की काय बदलावयाचे आणि कशावर ठाम राहावयाचे हे ठरविता येते. ज्याचा प्रश्न स्पष्ट, संज्ञा निश्चित आणि नोंदी जागच्या जागी आहेत, त्याला ही ओळख कठीण जात नाही. नियोजनाला दिलेला वेळ अखेरीस येथे कामी येतो. आणि ज्या मुलांची हजेरी, वाचन आणि हकीकत या अभ्यासात नोंदविली गेली, त्यांच्याविषयी उद्या कोणी काही निर्णय घेऊ लागला, तर त्याच्या हाती पडणारे विधान खरे असेल, एवढी हमी संशोधकाने द्यावयाची असते.